वक्त्याविना तासभर: परिषदेत सहभागींची गटचर्चा कशी चालवावी

बऱ्याच परिषदांच्या वेळापत्रकात एक-दोन खोल्या आणि काही तास मुद्दाम मोकळे सोडलेले असतात. तिथे ठरलेला वक्ता नसतो, स्लाइड नसतात. एखाद्या सहभागीने विषय पुढे करायचा, ज्यांना त्यात रस आहे त्यांनी यायचं आणि बोलायचं. संगणक क्षेत्रात अशा सत्राला ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’, थोडक्यात ‘बॉफ’ म्हणतात. आपल्या ‘समानशीलव्यसनेषु सख्यम्’च्या जवळ जाणारी कल्पना. काही परिषदा तर संपूर्णपणे याच पद्धतीवर चालतात. अमेरिकी सल्लागार हॅरिसन ओवेन यांनी १९८५ मध्ये ‘ओपन स्पेस’ ही पद्धत वापरली, त्यामागचं कारण मजेदार होतं: आधीच्या परिषदेच्या तयारीत त्यांनी खूप वेळ घातला होता आणि लोकांना सगळ्यात जास्त आवडल्या त्या कॉफीच्या सुट्ट्या. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत सुरू झालेल्या ‘बारकॅम्प’नेही अजेंडा सहभागींवरच सोडला.

हा लेख त्यातल्या एका तासापुरता आहे. तुम्ही पहिल्यांदाच असं सत्र घेणार आहात, विषय तुमचा आहे आणि खोलीत किती जण येतील ते माहीत नाही, असं धरून पुढचं लिहिलं आहे.

आधी एक हिशेब करा, बाकीचे बहुतेक निर्णय त्यावरून आपोआप होतात. सत्र ६० मिनिटांचं आहे. लोक आधीच्या सत्रातून येईपर्यंत ५ मिनिटं जातात, पुढच्या सत्राला पोचायला ५ लागतात. उरली ५०. सुरुवातीचं बोलणं आणि मुद्दे गोळा करणं यात साधारण १३ मिनिटं, समारोपाला ७. उरली ३०. वीस माणसं आली तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. एखादा चार मिनिटं बोलला की त्याने दोघा-तिघांचा वाटा संपवला. आणि तुम्ही स्वतः दहा मिनिटं ‘विषयाची पार्श्वभूमी’ सांगितलीत तर एक तृतीयांश चर्चा तुम्हीच खाल्लीत. नवख्या सूत्रधाराच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका या हिशेबाचं भान सुटल्यामुळे होतात.

विषय नको, प्रश्न हवा

सूचनाफलकावर तुम्ही काय लिहिता यावर निम्मं सत्र ठरतं. समजा, परिषद ग्रंथपालांची आहे. ‘ग्रंथालयातील साठा पडताळणी’ (म्हणजे नोंदीतली पुस्तकं खरंच जागेवर आहेत का ते तपासणं) असं लिहिलंत तर कोण येईल सांगता येत नाही. मोठ्या विद्यापीठाचे ग्रंथपाल येतील, एकट्याने वाचनालय सांभाळणारे येतील, सॉफ्टवेअर विकणारे येतील, आणि ‘पडताळणी म्हणजे काय’ हे समजून घ्यायला नवखेही येतील. चौघांचे चार प्रश्न. पहिली वीस मिनिटं आपण नेमकं कशावर बोलतोय हे ठरवण्यातच जातील.

त्याऐवजी असं लिहा: ‘एकच कर्मचारी असलेल्या ग्रंथालयात वार्षिक पडताळणी ग्रंथालय बंद न ठेवता कशी करता?’ या वाक्याने तीन कामं झाली. कोणासाठी ते कळलं (एकटे काम करणारे). अडचण कुठे आहे ते कळलं (बंद ठेवणं परवडत नाही). आणि ‘करता?’ या क्रियापदामुळे येणाऱ्याला समजलं की इथे मत नको, आपण काय करतो ते सांगायचं आहे. ‘करावी का’, ‘महत्त्व’, ‘आव्हाने व संधी’ असे शब्द टाळा. त्यांनी भाषणं येतात.

प्रश्नाखाली तीन-चार ओळींचं वर्णन पुरे. हे सत्र कोणाला उपयोगी, काय घेऊन यावं (‘मागच्या पडताळणीला किती दिवस लागले तेवढं आठवून या’) आणि सत्रात काय नसेल (‘सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक नाही’). ही शेवटची ओळ लिहायला लोक संकोचतात. पण ती आधी लिहिलेली असली की प्रत्यक्ष सत्रात कोणाला थांबवताना तिच्याकडे बोट दाखवता येतं.

प्रश्न ठीक आहे का हे तपासायचा सोपा उपाय: त्या क्षेत्रातल्या एखाद्याला तो वाचून दाखवा. त्याने लगेच ‘आमच्याकडे ना…’ अशी सुरुवात केली तर प्रश्न चांगला. ‘हो, महत्त्वाचा विषय आहे’ म्हणाला तर पुन्हा लिहा.

नोंदणी कशी करायची हे परिषदेवर अवलंबून असतं. कुठे आठवडाभर आधी अर्ज भरावा लागतो, कुठे त्याच सकाळी भिंतीवरच्या तक्त्यात कागद चिकटवायचा असतो: आडव्या ओळीत वेळा, उभ्या स्तंभात खोल्या. ओपन स्पेसमध्ये सगळे गोलात बसतात, ज्याला विषय घ्यायचा तो मधोमध येऊन कागदावर प्रश्न लिहितो, मोठ्याने वाचतो आणि तक्त्यावर लावतो. दोन विषय जुळते असले तर एकत्र करण्याची घाई करू नका. एकत्र केलेल्या सत्राला एक मालक राहत नाही आणि प्रश्न पुन्हा पसरट होतो. वेळ निवडता येत असेल तर पहिल्या दिवसाची दुपार उलटून गेल्यानंतरची घ्या; ओळखी झालेल्या असतात आणि चर्चा पुढच्या दिवसात चालू राहते. शेवटच्या दिवसाचं शेवटचं सत्र नको. निम्म्यांच्या पायाशी बॅगा असतात आणि डोळे घड्याळाकडे.

खोली आणि खुर्च्या

सत्राच्या १५ मिनिटं आधी खोलीत पोचा, कारण खुर्च्या जवळजवळ नेहमीच वर्गासारख्या ओळींत लावलेल्या असतात. ओळीत बसलेली माणसं पुढच्याच्या डोक्याकडे पाहून बोलत नाहीत, ती तुमच्याकडे पाहून बोलतात. मग प्रत्येक वाक्य तुमच्यामार्फत जातं आणि सत्राची पत्रकार परिषद होते. खुर्च्या गोलात लावा. मधे टेबल ठेवू नका.

बारापर्यंत माणसं एका गोलात छान बसतात. वीस-पंचवीसांसाठी गोल खूप मोठा होतो, समोरच्याचं ऐकू येत नाही. तेव्हा एकामागे एक असे दोन गोल करा आणि मागच्या गोलातल्या खुर्च्या पुढच्यांच्या फटीत येतील अशा ठेवा. अपेक्षेपेक्षा चार-पाच खुर्च्या कमी मांडा, बाकीच्या भिंतीला लावून ठेवा. जास्त मांडल्या की लोक लांब लांब बसतात आणि मधे रिकाम्या खुर्च्या राहतात. कमी पडल्या तर येणारा स्वतः खुर्ची ओढून घेतो, आणि गोल जराही तुटत नाही. व्हीलचेअरसाठी गोलातच एक खुर्ची काढून सुमारे ९० सेंटिमीटरची मोकळी जागा ठेवा, आणि दारापासून तिथपर्यंतची वाटही. मागच्या कोपऱ्यात ‘जागा आहे’ म्हणणं म्हणजे त्या व्यक्तीला चर्चेबाहेर बसवणं.

माइक हा वादाचा मुद्दा. पंधरा-वीस माणसांत हातातला माइक फिरवायला लागलं की चर्चेची लय मोडते. पण श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी सभागृहात असलेली यंत्रणा माइकवरच चालते. ‘माझा आवाज मोठा आहे’ हे त्यावर उत्तर नाही. सुरुवातीला विचारा, एकालाही गरज असेल तर माइक वापरा. दोन मिळाले तर एक बोलणाऱ्याकडे आणि दुसरा पुढच्याकडे आधीच पोचलेला असावा. त्याने लय बरीचशी सांभाळली जाते.

प्रोजेक्टर बंद ठेवा. पडदा उजळला की सगळ्यांच्या माना तिकडे वळतात, तिथे काही नसलं तरी.

साहित्य थोडंच लागतं पण नेमकं लागतं. फ्लिपचार्ट किंवा मोठे कागद, कागद लावायची चिकटपट्टी (भिंतीचा रंग निघतो का ते एका कोपऱ्यात पाहून घ्या), प्रत्येकाला चार-पाच पुरतील इतक्या चौकोनी चिकटचिठ्ठ्या, आणि जाड टोकाचे मार्कर. काळा आणि निळा. पिवळा, नारिंगी, फिकट हिरवा हे रंग चार मीटरवरून नीट वाचता येत नाहीत. ते रेघा मारायला ठेवा. अक्षरं तीन-चार सेंटिमीटर उंच काढा. चिठ्ठीवरही बॉलपेनने लिहू देऊ नका. बॉलपेनने लोक परिच्छेद लिहितात, मार्करने सहा-सात शब्द, आणि आपल्याला तेच हवे आहेत. मार्कर भिंतीवर लावलेल्या कागदातून आरपार जातो, म्हणून लिहायच्या कागदामागे आणखी एक कागद. आणि पांढऱ्या फळ्याच्या ट्रेमध्ये कायमस्वरूपी शाईचा मार्कर राहू देऊ नका. कोणीतरी उत्साहाने तोच उचलतो.

तीन माणसं

सूत्रधार तुम्ही. दुसरा टिपणकार, तिसरा वेळ पाहणारा. शेवटची दोन कामं एकाने केली तरी चालतात, पण सूत्रधाराने टिपणं घेऊ नयेत. लिहिताना मान खाली जाते आणि तेवढ्यात कोणी तोंड उघडून पुन्हा मिटलं ते दिसत नाही. सूत्रधाराचं खरं काम तेच पाहणं आहे. टिपणकार आदल्या दिवशीच ठरवा. ऐनवेळी ‘कोण लिहील?’ असं विचारलं की खोलीतले सगळे मूग गिळून बसतात, आणि शेवटी बहुधा सगळ्यात कनिष्ठ माणसाच्या गळ्यात ते काम पडतं. मग तो बोलत नाही.

याशिवाय ज्यांना विषयाचा अनुभव आहे अशा दोघा-तिघांना आधी सांगून ठेवा: ‘सुरुवातीला शांतता पसरली तर तुमचा अनुभव एक मिनिटात सांगाल का?’ यात लपवाछपवी काही नाही. पहिला आवाज किती लांबीचा आणि कोणत्या सुराचा आहे त्यावर पुढचे पाच जण आपलं बोलणं बेततात. पहिला सात मिनिटं बोलला तर दुसराही तेवढाच बोलणार.

तास कसा जातो

लोक आत येत असताना प्रश्न मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलेला असावा, प्रत्येक खुर्चीवर चिठ्ठ्या. वेळेवर आलेल्यांना तिष्ठत ठेवून उशिरा येणाऱ्यांची वाट पाहू नका. त्याऐवजी त्यांना लगेच काम द्या: ‘या प्रश्नातली तुमची सगळ्यात मोठी अडचण एका चिठ्ठीवर लिहा.’ उशिरा येणाराही चिठ्ठी उचलून तेच करू लागतो.

पाचव्या मिनिटाला तुम्ही बोला, जास्तीत जास्त तीन मिनिटं. प्रश्न वाचा. तास कसा जाईल ते सांगा. टिपणकार दाखवा. बोललेलं बाहेर किती न्यायचं ते ठरवा (याबद्दल पुढे). आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगा: ‘इथे तुमच्या उपयोगाचं काही नाही असं वाटलं तर केव्हाही उठून दुसऱ्या सत्राला जा, मला वाईट वाटणार नाही.’ ओपन स्पेसमध्ये याला ‘दोन पायांचा नियम’ म्हणतात. नाइलाजाने बसलेला माणूस गप्प बसत नाही, तो चर्चा आपल्याला हव्या त्या विषयाकडे ओढतो. म्हणून त्याला जाऊ देणं सगळ्यांच्याच सोयीचं.

ओळख परेड मात्र टाळा. वीस जणांनी अर्धं मिनिट बोलायचं ठरवलं की प्रत्यक्षात बावीस-पंचवीस मिनिटं जातात, कारण प्रत्येकजण आधीच्यापेक्षा थोडं जास्त सांगतो. हात वर करायला लावा: ‘एकट्याने ग्रंथालय सांभाळणारे किती? दहा हजारांपेक्षा जास्त पुस्तकं कोणाकडे? गेल्या वर्षी पडताळणी राहूनच गेली असे किती?’ तीन प्रश्न, एक मिनिट, आणि खोलीत कोण बसलंय ते सगळ्यांना कळलं. तिसऱ्या प्रश्नाला स्वतःचा हात वर करता आला तर करा. ज्याची पडताळणी राहून गेली आहे त्याला हायसं वाटतं.

मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलायला सांगा. ज्याने जोडीत एकदा तोंड उघडलं तो मोठ्या गटात बोलण्याची शक्यता खूप वाढते. लाजाळू माणसांसाठी याहून चांगला उपाय माहीत नाही.

आता चिठ्ठ्या भिंतीवर. तुम्ही आणि आणखी एक जण मिळून सारख्या चिठ्ठ्या जवळ लावा, मोठ्याने वाचत. गठ्ठ्यांना नावं देण्यात वेळ घालवू नका. मग मतदान: प्रत्येकाने मार्करने तीन ठिपके द्यायचे, एकाच गठ्ठ्याला तीनही दिले तरी चालतील. सगळे एकदम उठून ठिपके देतात, दोन मिनिटांत काम होतं. दोष एकच: शेवटी येणारे आधीच भरलेल्या गठ्ठ्यालाच मत देतात. त्यावर तोडगा म्हणजे उठण्याआधी प्रत्येकाने आपली निवड मनाशी ठरवायची. सर्वाधिक ठिपके असलेले तीन मुद्दे घ्या, प्रत्येकी दहा मिनिटं. चौथा घ्यायचा मोह होईल. नको.

प्रत्येक मुद्द्याची दहा मिनिटं संपली की घड्याळवाल्याने मोठ्याने सांगायचं आणि गटाने अंगठ्याने ठरवायचं: वर म्हणजे आणखी तीन मिनिटं, खाली म्हणजे पुढचा मुद्दा. ही युक्ती ‘लीन कॉफी’ या पद्धतीतली. जिम बेन्सन आणि जेरेमी लाइटस्मिथ यांनी ती २००९ मध्ये सिएटलमध्ये सुरू केली. तिचा मोठा फायदा असा की चर्चा थांबवण्याचा वाईटपणा तुमच्या एकट्याच्या माथी येत नाही.

बोलतं करणं आणि थांबवणं

पहिला प्रश्न नीट विचारला तर बाकीचं सोपं जातं. ‘पडताळणीबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ यावर शांतता. ‘मागच्या पडताळणीला किती दिवस लागले?’ यावर कोणीतरी म्हणतं ‘अकरा’, दुसरा म्हणतो ‘आम्हाला तीन’, आणि सगळ्यांच्या माना तिसऱ्याकडे वळतात: तीन कसे? आता तुम्हाला काही करायची गरज नाही. मग कळतं की तो रोज एकच कपाट घेतो, दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती) कपाटाच्या क्रमाने छापून ठेवतो, आणि बाहेर दिलेली पुस्तकं वेगळ्या रंगाने आधीच खोडतो. तीन दिवस म्हणजे सलग तीन दिवस नव्हेत, वर्षभर वाटलेल्या तासांची बेरीज. आकडा विचारला म्हणून हे बाहेर आलं.

प्रश्न विचारून झाल्यावर थांबा. मनात सावकाश सातपर्यंत मोजा. नवखा सूत्रधार तिसऱ्या सेकंदाला घाबरून स्वतःच उत्तर देतो, आणि एकदा गटाला कळलं की उत्तर तुम्हीच देणार, की मग कोणी बोलत नाही. सातनंतरही शांतता असेल तर प्रश्न अवघड आहे. ‘एक मिनिट कागदावर लिहा’ म्हणा.

तीनपेक्षा जास्त हात वर झाले की क्रम जाहीर करा: ‘आधी खिडकीजवळच्या बाई, मग तुम्ही, मग मागे चष्मेवाले.’ आपला नंबर लागलाय हे कळलं की माणूस हात खाली करून ऐकू लागतो. ज्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही त्यांना रांगेत पुढे घ्या, आणि तसं करणार असल्याचं सुरुवातीलाच सांगा, म्हणजे मागे गेलेल्याला तो अपमान वाटत नाही.

पाल्हाळ लावणाऱ्याला ‘वेळ संपली’ म्हणू नका. तो श्वास घेईल तेव्हा त्याच्या बोलण्यातली शेवटची ठोस गोष्ट उचला: ‘बारकोड स्कॅनरचा मुद्दा पकडू. स्कॅनर वापरलेलं इथे आणखी कोण आहे?’ त्याचा मुद्दा राहिला, बोलणं दुसऱ्याकडे गेलं. एवढ्याने भागलं नाही तर सरळ, हसून: ‘तुमच्याकडे भरपूर आहे, आपण सत्रानंतर बोलूच. आता दोन-तीन नवे आवाज ऐकू.’

विषयातली बडी व्यक्ती गटात असली की वेगळीच पंचाईत. कोणी गप्प बसवत नसतानाही बाकीचे गप्प होतात आणि प्रत्येक प्रश्न तिच्याकडे वळतो. तिला आधीच गाठून विनंती करा: ‘सर, आपण शेवटच्या दहा मिनिटांत बोलाल का? तोपर्यंत इतरांचं ऐकायचंय.’ बहुतेक ज्येष्ठ माणसं याला आनंदाने तयार होतात. उत्तरं देत बसण्याचा त्यांनाही कंटाळा आलेला असतो. गाठणं जमलं नाही तर सत्रात म्हणा: ‘मॅडमचं उत्तर ऐकण्याआधी बाकीच्यांकडे काय होतं ते पाहू.’

विक्रेता आला तर त्याला हाकलू नका, त्याने शंभर ग्रंथालयं पाहिलेली असू शकतात. ‘उत्पादनाचं नाव न घेता, लोक कुठे अडतात ते सांगा’ असं म्हणा. माहितीपत्रकं सत्रानंतर.

गाऱ्हाणी हा सगळ्यात मोहात पाडणारा खड्डा. निधी नाही, माणसं नाहीत, वरचे ऐकत नाहीत. सगळे माना डोलावतात, खोलीत उत्साह येतो आणि चर्चा छान रंगलीय असं वाटतं. तासाभराने हातात काही नसतं. पाच मिनिटं गाऱ्हाणी होऊ द्या, ती आवश्यक असतात. मग विचारा: ‘यातलं कोणाची परवानगी न घेता येत्या महिन्यात तुम्ही काय बदलू शकता?’ या प्रश्नाने गुऱ्हाळ थांबतं. एखादा मुद्दा चांगला पण विषयाबाहेरचा असेल तर ‘नंतर’ असं शीर्षक दिलेल्या वेगळ्या कागदावर सगळ्यांसमोर लिहा आणि शेवटी तो कागद खरंच वाचा. वाचला नाहीत तर ती माणसं फसवल्यासारखी होतात.

तुमचं स्वतःचं मत? असणारच, विषय तुम्हीच काढला आहे. एकदा मांडा, मधल्या टप्प्यात, आणि ‘आता सूत्रधार म्हणून नाही, माझा अनुभव सांगायचा तर’ असं म्हणून. प्रत्येक बोलण्यावर ‘बरोबर’, ‘छान मुद्दा’ अशी दाद देणं सोडा. ज्याला ती मिळाली नाही तो पुढच्या वेळी विचार करतो.

तिघं आले, साठ आले

तिघं आले तर गोल मोडा, खुर्च्या जवळ ओढा, चिठ्ठ्या आणि मतदान बाजूला ठेवा आणि बोला. दीड मिनिटाऐवजी प्रत्येकाला दहा मिनिटं मिळताहेत. ‘अरेरे, कमीच आले’ असं मात्र म्हणू नका. आलेल्यांनाच ते ऐकावं लागतं.

तीसपेक्षा जास्त आले तर एका गोलाचा हट्ट सोडा. एक मार्ग ‘फिशबोल’चा: मधे पाच खुर्च्या, चौघं बसलेले, एक रिकामी, बाकी सगळे भोवती. बोलतात फक्त मधले. ज्याला बोलायचंय तो येऊन रिकाम्या खुर्चीत बसतो आणि मधल्यांपैकी एकाने उठून जायचं, म्हणजे एक खुर्ची कायम रिकामी राहते. पहिली पाच मिनिटं कोणी उठत नाही. आधी सांगून ठेवलेल्या दोघा-तिघांचा इथे उपयोग होतो. दुसरा मार्ग म्हणजे चार-पाच जणांचे गट, प्रत्येक टेबलावर एक जण कायम, बाकीचे वीस मिनिटांनी दुसऱ्या टेबलावर. १९९५ पासून रूढ झालेली ‘वर्ल्ड कॅफे’ पद्धत हीच. तासात दोनच फेऱ्या बसतात. शेवटी प्रत्येक टेबलाने ‘अहवाल’ देण्याची प्रथा बंद करा. बारा टेबलं गुणिले दोन मिनिटं, आणि सहाव्या टेबलानंतर कोणी ऐकत नाही. प्रत्येक टेबलाने एक वाक्य कागदावर लिहून भिंतीवर लावावं.

काही जण ऑनलाइन असतील तर त्यांच्यासाठी एक स्वतंत्र माणूस नेमा, जो त्यांच्या वतीने खोलीत हात वर करेल, आणि प्रत्येक मुद्द्यावर पहिली पाळी त्यांना द्या. हे जमणार नसेल तर सत्र खोलीपुरतंच ठेवा. अर्धवट जोडलेल्यांना भिंतीवरची चिठ्ठी दिसत नाही आणि गोलातलं हसू कशावर होतं ते कळत नाही.

काय बाहेर न्यायचं

लोक अपयशाबद्दल तेव्हाच बोलतात जेव्हा ते त्यांच्या नावानिशी उद्या कुठे छापून येणार नाही याची खात्री असते. यासाठी ‘चॅटम हाउस नियम’ चांगला आहे. चॅटम हाउस या आंतरराष्ट्रीय घडामोडींचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या संस्थेने तो १९२७ मध्ये केला. इथे कळलेली माहिती वापरता येते, पण ती कोणी सांगितली किंवा तो कोणत्या संस्थेचा, हे सांगायचं नाही. पुष्कळ जण याचा अर्थ ‘काहीच बाहेर जाऊ द्यायचं नाही’ असा लावतात. तो चुकीचा आहे, म्हणून नियम वाक्यात उलगडून सांगा. फोटो भिंतीचे घ्यावेत, चेहऱ्यांचे नाही. ध्वनिमुद्रण शक्यतो नकोच. यंत्र चालू झालं की आकडे सांगणारी माणसं ‘साधारण’, ‘बऱ्यापैकी’ असं बोलू लागतात.

टिपणकाराने ‘चर्चा झाली’, ‘मतं मांडली गेली’ असं लिहू नये. त्याच्या कागदाचे चार भाग असावेत: कोणी काय करून पाहिलं, कशाने काम झालं नाही आणि का, कोणती साधनं किंवा नमुने दाखवले, कोणते प्रश्न सुटले नाहीत. तिसऱ्या भागात माणसाऐवजी वस्तूचं वर्णन नेमकं हवं: ‘कपाटाच्या क्रमाने छापलेली दाखल नोंदवही’ असं लिहिलं तर सहा महिन्यांनी वाचणाऱ्यालाही ते करता येतं.

शेवटची सात मिनिटं कोणत्याही कारणाने खाऊ देऊ नका. टिपणकाराने तीन-चार मुद्दे वाचून दाखवावेत, दोन मिनिटांत; चुका तिथेच दुरुस्त होतात. मग विचारा, यातलं पुढे कोणाला काय करायचंय, आणि ज्याने हात वर केला त्याच्याकडूनच तारीख घ्या. कोणी पुढे आलं नाही तर ‘आपण सगळे मिळून गट करू’ असं म्हणून वेळ मारून नेऊ नका. सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही. तसा गट चार दिवसांत थंड पडतो.

गटाचा कल पाहायचा असेल तर हात मोजण्याआधी विचार करा. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या ‘आयईटीएफ’मध्ये हात वर करण्याऐवजी गुणगुणण्याची जुनी परंपरा आहे: बाजूने असलेल्यांनी एकदा ‘हम्म्म’ करायचं, विरोधकांनी नंतर. त्यात आकडा निघत नाही, पण कल कळतो, आणि वरिष्ठांसमोर कोणाचा हात दिसत नाही. तिथल्या बॉफ सत्रांतून नवा कार्यगट स्थापण्याइतका पाठिंबा आहे का, हे पाहिलं जातं, त्यामुळे त्यांची तयारी महिनोन्महिने चालते. तुमच्या सत्राला निर्णय घ्यायचाच नसेल तर कल पाहण्याच्या भानगडीत पडू नका. मत मोजलं की दोन तट पडतात.

संपर्कासाठी कागद फिरवायचा तर दोन रकाने ठेवा: ‘टिपणं मला पाठवा’ आणि ‘माझा पत्ता इतरांना दिला तरी चालेल’. दोन्ही एकच समजून सगळ्यांचे पत्ते एका मेलमध्ये उघडे टाकणं ही फार सर्रास होणारी चूक. टिपणं दोन दिवसांत पाठवा, कच्ची असली तरी. पंधरा दिवसांनी सुंदर मांडणी करून पाठवलेली कोणी उघडत नाही.

वेळेआधी संपवा, पाच मिनिटं तरी. खरी बोलणी खुर्च्या सरकवताना सुरू होतात आणि त्यांना जागा लागते. तोवर तुम्ही भिंतीवरच्या प्रत्येक कागदाचे फोटो घ्या, चिठ्ठ्या वाचता येतील इतक्या जवळून, आणि घेतल्यावर एकदा मोठे करून पाहा. मग कागद उतरवून सोबत न्या. त्यावर संस्थांची नावं असतात, आणि पुढच्या सत्राचे लोक दारात उभे असतात.